पोखरा–जोमसोम हवाई मार्ग

पोखरा–जोमसोम हवाई मार्ग : नेपाळमधील पोखरा आणि मुस्तांग जिल्ह्याचे मुख्यालय जोमसोम यांना जोडणारा देशांतर्गत मार्ग. सरळ रेषेत अंतर सुमारे 70 किमी., उड्डाणाचा वेळ साधारण 20 मिनिटे. जोमसोमच्या पुढे असलेल्या मुक्तिनाथ या तीर्थस्थानी जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या तो चांगला परिचयाचा आहे.

सरळ रेषेचे अंतर इथे नकाशापुरतेच. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मी. उंचीवर, तर जोमसोमची धावपट्टी 2,700 मी.च्याही वर. वाटेत एका अंगाला अन्नपूर्णा (8,091 मी.), दुसऱ्या अंगाला धौलागिरी (8,167 मी.). ट्विन ऑटरसारखी 19 आसनी विमाने ही शिखरे ओलांडत नाहीत. घोडेपाणीच्या बाजूची डोंगररांग पार करून ती कालीगंडकीच्या दरीत उतरतात आणि नदीच्या उगमाच्या दिशेने वळणे घेत जातात. ताशी 270 किमी. वेगाने 70 किमी.ला जेमतेम 16 मिनिटे पुरतील. उरलेली मिनिटे उंची गाठण्यात आणि वळणांत जातात.

या मार्गाचे खरे वेळापत्रक ठरवतो तो वारा. दिवस चढला की तिबेटचे पठार तापते, तिथली हवा वर जाते आणि दक्षिणेकडची हवा या अरुंद दरीतून वर ओढली जाते. दुपारी जोमसोमला हा वारा इतका जोर धरतो की विमान उतरवणे धोक्याचे होते. म्हणून उड्डाणे पहाटेपासून फार तर अकराच्या सुमारापर्यंत. पोखऱ्यावर सकाळी धुके किंवा ढग राहिले, तर तेवढा अवधीही हातचा जातो आणि 20 मिनिटांच्या प्रवासासाठी आख्खा दिवस थांबावे लागते. यात्रेच्या कार्यक्रमात एक दिवस मोकळा नसेल, तर तो कार्यक्रम कच्चाच म्हणायचा. (नेपाळचे घड्याळ भारताच्या 15 मिनिटे पुढे असते, हेही पहाटेच्या विमानासाठी ध्यानात ठेवलेले बरे.)

वैमानिक इथे मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर विमान नेतात. दरीत ढग भरले की मागे फिरायलाही फारशी जागा उरत नाही. फेब्रुवारी 2016 मधील अपघातात विमानातील सर्व 23 जण दगावले, तर 29 मे 2022 च्या अपघातात सर्व 22. दुसऱ्या अपघातातील मृतांत ठाण्याचे चौघे होते. त्याआधी मे 2012 मध्ये जोमसोमजवळच विमान कोसळून 15 जणांचा मृत्यू झाला होता.

बेनीमार्गे जाणारा रस्ता दीडशे किमी.हून लांब आहे. जीपला बहुधा पूर्ण दिवस लागतो, पावसाळ्यात दरडी कोसळल्यास त्याहून अधिक. तरीही जाताना जीप आणि परतताना विमान हा क्रम शहाणपणाचा. मुक्तिनाथ 3,700 मी.च्या वर आहे आणि विमानाने 20 मिनिटांत जवळजवळ 1,900 मी. वर आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. वाटेत कागबेनीला नदीकाठी शाळिग्राम शोधणारेही भेटतात.