बोअरच्या यंत्रातला पीळ

बोअर घेणारं यंत्र चालू असताना जवळ उभं राहिलं, की कानांना ऐकू येतं ते आणि डोळ्यांना दिसतं ते यांचा मेळ बसत नाही. मोटर घोंघावत असते, पंप धडधडत असतो, आणि या सगळ्या गदारोळात पोलादी रॉड मात्र सेकंदाला जेमतेम एक फेरा घेत संथपणे जमिनीत उतरत असतो. मोटरचा दांडा मिनिटाला १४४० फेरे घेतो, रॉड साठ. म्हणजे वेग चोवीस पटींनी मुद्दाम कमी केलेला असतो.

तो का कमी करायचा, हे पाहू. रॉडच्या खालच्या टोकाला बसवलेला, १५० मिलिमीटरचं भोक पाडणारा बिट मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरला, तर त्याची बाहेरची कड सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सरकते. तोच बिट थेट मोटरच्या वेगाने फिरवला तर कड सेकंदाला अकरा मीटरहून जास्त वेगाने खडकावर घासेल. तापेल, धार मरेल, आणि खडक कापला जाण्याऐवजी नुसता पॉलिश होईल. खडक फोडायला वेगापेक्षा नेट लागतो. फिरवण्याच्या या नेटाला पुस्तकात आघूर्ण म्हणतात, वर्कशॉपमध्ये टॉर्क म्हणतात. मला ‘पीळ’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण बोअरच्या यंत्रात तो शब्दशः दिसतो.

साडेसात अश्वशक्तीची, म्हणजे ५.५ किलोवॉटची मोटर घेऊ. १४४० फेऱ्यांना तिच्या दांड्यावर सुमारे ३६ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पावणेचार किलोचं वजन टांगावं, तेवढाच. एवढ्याने बिट मऊ मातीतही अडखळेल. वेग चोवीस पट उतरवला की पीळ चोवीस पट चढायला हवा. पट्टा आणि गिअरबॉक्स यांच्या घर्षणात साधारण पंधरा टक्के गेले असं धरलं, तर हाती ७४४ न्यूटन-मीटर उरतात. आता त्याच पान्याच्या टोकाला पंचाहत्तर किलोचा माणूस लोंबकळतोय असं समजा. मोटर तीच, वीजही तेवढीच. फक्त वेग देऊन नेट विकत घेतला.

हा सौदा दोन टप्प्यांत करावा असं माझं ठाम मत आहे: आधी व्ही-बेल्टने तिप्पट, मग गिअरबॉक्सने आठपट. सगळं काम गिअरबॉक्सवर टाकून मोटर थेट जोडली तर यंत्र आटोपशीर होतं, पट्टे ताणण्याची कटकटही वाचते. पण खाली बिट अचानक दगडात अडकला तर काय होईल? साध्या इंडक्शन मोटरचा वेग पडू लागला की ती हार मानण्याआधी नेहमीच्या दोन ते अडीचपट पीळ देते. तो सगळा पीळ गिअरमधून थेट रॉडवर उतरतो आणि साखळीतली सगळ्यात कच्ची जागा तुटते. ती जागा सत्तर मीटर खोल असेल तर अख्खं भोक वाया जाऊ शकतं. पट्टा असेल तर तो किंचाळतो, घसरतो, जळका वास येतो, आणि माणूस धावत जाऊन मोटर बंद करतो. घरातल्या फ्यूजचं काम इथे रबराचा पट्टा करतो. जिथे पट्टा नसतो तिथे एखादी मऊ लोखंडाची खिट्टी मुद्दाम ठेवतात, आधी तीच कापली जावी म्हणून. तुटायचंच असेल, तर ते वर, हाताशी तुटलं पाहिजे. यंत्राच्या आराखड्यातली प्रत्येक जाडी, प्रत्येक जोड मी या एका कसोटीवर घासून पाहीन.

आता रॉड. नाव रॉड असलं तरी तो पोकळ नळीच असतो. समजा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, आतला ५०. तेवढंच पोलाद भरीव गजात ओतलं तर गज ३३ मिलिमीटरचा होईल. वजन तेच, पण पीळ सोसण्याची नळीची ताकद त्या गजाच्या तिप्पट आणि पिळाला होणारा विरोध साडेपाच पट. पिळाचं ओझं बाहेरच्या थरावर सर्वांत जास्त येतं, मधलं पोलाद जवळजवळ बसून असतं. म्हणून ते काढून टाकायचं, आणि त्या पोकळीतून पाणी खाली सोडायचं. एका दगडात दोन पक्षी.

७४४ न्यूटन-मीटर पिळाने या नळीत सुमारे ३४ मेगापास्कल ताण येतो. साधं पोलादही याच्या कितीतरी पट सोसतं. मग बारीक नळी का नको? कारण रॉड मधोमध क्वचितच तुटतो. तो तुटतो आट्यांपाशी. आटे कापले की भिंत तिथे निम्मी उरते, खाचेच्या तळाशी ताण गोळा होतो, आणि किंचित वाकड्या भोकात फिरणारा रॉड प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. मिनिटाला साठ वेळा, तासाला ३६०० वेळा. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना, तोच हा प्रकार, फक्त सावकाश. म्हणून जोडाची भिंत जाड ठेवतात, आटे ठसठशीत आणि शंकूसारखे निमुळते कापतात, म्हणजे रॉड थोडक्या फेऱ्यांत आवळला जातो आणि शेवटी खांद्याला खांदा घट्ट भिडतो. आटे उजवे, आणि वरून पाहिलं तर रॉड फिरतो घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे बिटाला खडक जितका अडवतो तितके जोड आणखी आवळतात. यंत्र उलटं फिरवलं की हेच जोड खाली खोलवर कुठेतरी सुटतात. असा सुटलेला रॉड बाहेर काढण्याच्या खटपटीला या व्यवसायात ‘फिशिंग’ म्हणतात. निमुळत्या आट्यांचं एक हत्यार खाली सोडायचं, ते सुटलेल्या रॉडच्या तोंडात शिरेल अशी आशा धरायची आणि हळूहळू फिरवत राहायचं. मासेमारीइतकाच धीर लागतो, आणि कधी कधी हातही रिकामेच वर येतात.

पिळाचं एक रूप मात्र खरोखर डोळ्यांनी पाहता येतं. अशा शंभर मीटर रॉडवर पूर्ण पीळ दिला तर वरचं टोक खालच्या टोकाच्या सुमारे ८१ अंश पुढे असतं. जवळजवळ पाव फेरा. पोलादाचा एवढा लांब रॉड ओल्या कपड्यासारखा पिळलेला असतो. बिट अडकला आणि मोटर बंद केली, तरी हा पीळ रॉडमध्ये स्प्रिंगसारखा कोंडून राहतो. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. अशा वेळी घाईने पाना लावून जोड सोडवायला जाणारा माणूस मोठा धोका पत्करतो, कारण तो पीळ पान्यातून हिसका देऊन बाहेर पडू शकतो. खडक फार कडक असेल तर हाच पीळ चालू कामातही खोड काढतो: बिट क्षणभर थांबतो, पीळ साठतो, मग एकदम सुटून बिट भरकन फिरतो, पुन्हा थांबतो. वरच्या माणसाला फक्त एक थरथर जाणवते. उपाय म्हणजे दाब थोडा कमी करायचा किंवा फेरे थोडे वाढवायचे.

दाबाचंही आपलं एक गणित आहे. या रॉडचं वजन मीटरला पावणेसात किलो. दहा मीटर खोलीवर सगळे मिळून ६८ किलो, शंभर मीटरवर ६७८. म्हणजे सुरुवातीला वजन अपुरं पडतं म्हणून यंत्राने वरून दाबायचं, आणि खोल गेल्यावर त्याच यंत्राने वरून ओढून धरायचं. साखळी, विंच, मनोरा यांची ताकद ठरवताना दुसऱ्या कामाचा विचार करावा लागतो, त्यातही अडकलेला रॉड उपटायची वेळ येईल हे धरून. बारीक रॉड वरून दाबला की तो भोकात धनुष्यासारखा वाकतो आणि भोक तिरकं जातं. तिरक्या भोकात पुढे केसिंग पाइपही धड उतरत नाही आणि पंपही. म्हणून बिटाच्या लगेच वर जाड भिंतीचा, जड नळीचा तुकडा लावतात, त्याला ड्रिल कॉलर म्हणतात. बिटावर दाब त्याने द्यायचा आणि वरचे सगळे रॉड ओळंब्यासारखे ताणलेले राहायचे.

मनोऱ्याच्या माथ्यापाशी एक छोटा भाग असतो, स्विव्हल. त्याच्या वरच्या बाजूला पाण्याचा होज स्थिर, खालच्या बाजूला रॉड फिरता. पाणी दाबाखाली आत जायला हवं, गळता कामा नये, आणि सगळ्या रॉडांचं वजनही याच भागावर लटकलेलं. इथे साधं बॉल बेअरिंग बसवण्याची चूक नवशिके हमखास करतात. ते आडवा भार छान झेलतं, पण उभ्या ओढीने लवकर खिळखिळं होतं. इथे थ्रस्ट बेअरिंग किंवा निमुळत्या रोलरचं बेअरिंगच हवं, आणि पाण्याचं पॅकिंग त्याच्यापासून वेगळं, म्हणजे गळालेलं गढूळ पाणी ग्रीसमध्ये न शिरता बाहेर टपकेल.

इतकं सगळं पिळाबद्दल झालं, पण बोअर अडतो तो बहुतेक वेळा चुऱ्यापायी. दीडशे मिलिमीटरच्या भोकाचा एक मीटर म्हणजे जवळपास अठरा लिटर खडक, चाळीस-पंचेचाळीस किलो. तो खालून वर आणला नाही तर बिट त्याच चुऱ्याला पुन्हा पुन्हा दळत बसतो आणि शेवटी त्यातच रुतून बसतो. फ्रेंच अभियंता पिएर-पास्काल फोव्हेल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पोकळ रॉडमधून पाणी सोडून भोक धुवून काढण्याची पद्धत वापरात आणली. त्याच सुमारास, १८४४ मध्ये, इंग्लंडमध्ये रॉबर्ट बीअर्ट यानेही फिरत्या पोकळ रॉडच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आजच्या यंत्राचं तत्त्व तेच आहे: पाणी रॉडच्या आतून खाली, चुऱ्यासह रॉडच्या बाहेरून वर.

वर येणाऱ्या पाण्याचा वेग चुऱ्याच्या खाली बसण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त हवा. सेकंदाला अर्धा मीटर हा कामचलाऊ आकडा. आपल्या भोकात ६० मिलिमीटरचा रॉड सोडला की भोवती उरलेल्या मोकळ्या जागेत हा वेग राखायला सेकंदाला जवळजवळ साडेसात लिटर पाणी लागतं. मिनिटाला ४४५ लिटर. हेच पाणी ५० मिलिमीटरच्या नळीतून शंभर मीटर खाली ढकलायला घर्षणापायीच सुमारे तीन बार दाब खर्च होतो. बिटाची छिद्रं आणि परतीची वाट धरून चार बार म्हणा. साठ टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला त्यासाठी पाच किलोवॉटची मोटर हवी. बिट फिरवायला साडेपाच, आणि केर काढायला पाच! हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा आकडे दोनदा तपासले होते. नवशिका आराखडा करणारा सगळा जीव गिअरबॉक्सवर लावतो आणि पंप उरल्यासुरल्या पैशांत घेतो. यंत्र मग जोरात फिरतं, पण खाली जात नाही.

इथे जाड रॉडची बाजू अचानक वजनदार होते. ११४ मिलिमीटरचा रॉड वापरला तर भोवतीची मोकळी जागा निम्म्यावर येते आणि पाणीही निम्मंच पुरतं. पोलाद महाग, मनोरा जड, पण पंप लहान.

नुसत्या पाण्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळली की काम आणखी सोपं होतं. तिचं पाणी ढवळत असताना पातळ राहतं आणि थांबलं की खिरीसारखं दाटतं. त्यामुळे नवा रॉड जोडायला पंप थांबवला तरी चुरा जिथे असेल तिथेच अडकून राहतो, बिटावर कोसळत नाही. शिवाय भोकाच्या वाळूच्या भिंतीवर तिचा पातळ लेप बसतो आणि भिंत ढासळत नाही. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला १० जानेवारी १९०१ रोजी तेलाचा प्रचंड फवारा उसळला, तो फिरत्या रॉडच्या यंत्रानेच घेतलेल्या भोकातून. तिथल्या सैल वाळूत भिंत सावरण्यासाठी साध्या पाण्याऐवजी चिखल वापरला गेला होता. पुढे १९०९ मध्ये हॉवर्ड ह्यूजेस (थोरला) याने दोन फिरत्या दातेरी शंकूंच्या बिटाचं पेटंट घेतलं आणि खरवडण्याऐवजी चिरडून खडक फोडणं जमू लागलं. मऊ मातीत मात्र आजही तीन पात्यांचा साधा बिट जास्त भरभर उतरतो. आणि अखंड काळा कातळ लागला, तर साडेसात अश्वशक्तीच्या फिरत्या यंत्राने हट्ट करू नये. तिथे दाबाखालच्या हवेवर चालणारा, बिटापाशीच ठोके देणारा हातोडाच हवा.

वर आलेल्या पाण्यात चाळणी धरून चुरा तळहातावर घ्यावा. टोकदार, टवके उडालेले कण असतील तर बिट नीट कापतो आहे. पिठासारखी भुकटी आली तर एक तर धार गेली, नाहीतर पाणी कमी पडतंय आणि चुरा दळला जातोय. रंग बदलला तर थर बदलला. पण शंभर मीटरवरून अर्धा मीटर वेगाने यायला चुऱ्याला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तळहातावरचा कण तीन मिनिटांपूर्वीची बातमी सांगत असतो, म्हणून खोलीची नोंद करताना तेवढं मागे जावं लागतं.

रॉड संपत आला की नवा जोडायचा. आधी बिट हातभर वर उचलायचा, फिरतं ठेवून पाणी आणखी काही मिनिटं चालू ठेवायचं, चुरा येणं थांबेपर्यंत. मग मोटर बंद. पट्टा सैल केला की वरचा रॉड स्वतःहून थोडा उलटा फिरतो. खडूची एक उभी रेघ त्यावर मारून ठेवली तर ती मागे सरकताना स्पष्ट दिसते. ती स्थिर झाली, की मगच पान्याला हात लावायचा.