फोटॉनिक फिल्टरद्वारे रेडिओ तरंगरूप निर्मिती

हव्या त्या आकाराचा रेडिओ संकेत इलेक्ट्रॉनिक मंडलात न घडवता तो आकार आधी लेसरच्या वर्णपटावर उमटवायचा आणि नंतर त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करायचे, अशी ही पद्धत आहे. एरवी असा संकेत डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर एकेक नमुना मांडत तयार करतो. परंतु वारंवारता दहा-वीस गिगाहर्ट्‌झच्या पुढे गेली की नमुन्यांच्या वेळेतील सूक्ष्म चढउतारही जाणवू लागतात आणि संकेताची अचूकता घसरते. उलट, अत्यल्प काळ चमकणाऱ्या फेमटोसेकंद लेसरच्या एका स्पंदात कित्येक टेराहर्ट्‌झ रुंदीचा वर्णपट असतो व त्यापुढे रेडिओ संकेताची रुंदी अगदीच किरकोळ ठरते.

या पद्धतीचा गाभा म्हणजे वारंवारतेचे काळात होणारे रूपांतर. फिल्टर वर्णपटातील काही तरंगलांबी जाऊ देतो, काही दाबतो. हा घडवलेला स्पंद लांब ऑप्टिकल फायबरमधून पाठवला की अपस्करणामुळे निरनिराळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि अपस्करण पुरेसे असल्यास वर्णपटाचा आकार जसाच्या तसा काळावर पसरतो. फोटोडायोड प्रकाशाच्या तीव्रतेप्रमाणे प्रवाह देतो. हा प्रवाह म्हणजेच हवे असलेले तरंगरूप.

साध्या फायबरचे अपस्करण १,५५० नॅनोमीटरजवळ दर किलोमीटरला, दर नॅनोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद असते. म्हणजे ५ किलोमीटर फायबरमध्ये १ नॅनोमीटरचे अंतर ८५ पिकोसेकंदांचे होते. वर्णपटावर दर नॅनोमीटरला एक अशा लाटा उमटवल्या, तर फोटोडायोडमधून सुमारे १२ गिगाहर्ट्‌झचा संकेत मिळतो. फिल्टर तोच ठेवून फायबर १० किलोमीटरचे केले, तर ६ गिगाहर्ट्‌झचा. लाटा एका टोकाला विरळ व दुसऱ्या टोकाला दाट ठेवल्या की वारंवारता क्रमाने बदलणारा, रडारला लागणारा चर्प संकेत तयार होतो. ५ किलोमीटर फायबर वापरल्यास ३० नॅनोमीटर रुंदीच्या वर्णपटापासून मात्र जेमतेम अडीच नॅनोसेकंदांचा संकेत निघतो. अखंड वाहणारा संकेत ही या पद्धतीची ताकद नव्हे. ती थोडा काळ टिकणाऱ्या, रुंदपट्ट संकेतांसाठीच शोभते.

फिल्टरची प्रचलित मांडणी ग्रेटिंग, भिंग आणि द्रवस्फटिकाचा पिक्सेलयुक्त पडदा अशी असते. ग्रेटिंगने विखुरलेला प्रत्येक रंग वेगळ्या पिक्सेलवर पडतो व त्याची तीव्रता संगणकावरून ठरवता येते. मांडणी अत्यंत लवचीक, पण टेबलभर पसरणारी आणि जुळवणी बिघडली की काम थांबवणारी आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये हेच काम सिलिकॉन चिपवरील सूक्ष्म वलय-अनुनादकांकडून (ठरावीक तरंगलांबीच निवडणाऱ्या कड्यांच्या आकाराच्या प्रकाशवाहिन्यांकडून) करून घेतले आणि ६० गिगाहर्ट्‌झपर्यंतची तरंगरूपे दाखवली. वलयाजवळचा छोटा तापक त्याची अनुनाद तरंगलांबी सरकवतो. सोय आणि अडचण येथे एकच आहे: सिलिकॉन वलयाचे तापमान एका अंशाने बदलले की अनुनाद सुमारे ०.०८ नॅनोमीटरने हलतो आणि वरील ५ किलोमीटर फायबरच्या उदाहरणात संकेतातील तो भाग जवळजवळ ७ पिकोसेकंदांनी सरकतो.

फोटोडायोड फक्त तीव्रता ओळखत असल्याने त्याचा प्रवाह ऋण होत नाही आणि तरंगरूप एका धन चबुतऱ्यावर बसलेले दिसते. यावर उपाय म्हणून एकमेकांना पूरक असे दोन प्रकाशसंकेत दोन फोटोडायोडवर घेऊन त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात. दुसरी मर्यादा अपस्करणाची आहे. वर्णपटावरील नक्षी जितकी बारीक, तितके ते अधिक लागते. ते कमी पडल्यास नक्षी काळात विकृत होऊन उतरते.

अतिरुंदपट्ट रेडिओसाठी अमेरिकेच्या नियामक आयोगाने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा खुला केल्यावर या पद्धतीला ठोस उपयोग मिळाला. इतक्या रुंद पट्ट्यात अँटेना स्वतःच संकेत विकृत करतो, त्यामुळे लहानसा स्पंद पाठवला तरी पलीकडे लांबट थरथर पोहोचते. ही विकृती आधी मोजून तिच्या नेमके उलट तरंगरूप फिल्टरमधून पाठवले असता, ग्राहक अँटेनाच्या टोकाशी पुन्हा आखूड स्पंद मिळतो.