गर्डरचा जोड: वेल्डिंग की नट-बोल्ट?

गोदाम, जिनिंगची शेड किंवा दुकानातला पोटमाळा करायला आलेले बरेच ग्राहक आधीच सांगतात, "सगळं वेल्डिंगच मारा, बोल्ट ढिले होतात." नीट केलेला जोड दोन्ही पद्धतींत भार पेलतो. खरा प्रश्न आहे तो जोड कुठे होणार, याचा.

जालन्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये गर्डर हवा तसा फिरवता येतो, गंज घासून काढता येतो, रॉड ओव्हनमध्ये कोरडे ठेवता येतात. म्हणून बेस प्लेट, एंड प्लेट, क्लीट (कॉलमच्या तळाच्या, गर्डरच्या टोकाच्या आणि जोडासाठीच्या लोखंडी पट्ट्या) आम्ही इथेच वेल्ड करतो. साइटवर वेल्डर शिडीवर उभा असतो, जनरेटरचा करंट वरखाली होतो, वारा लागतो. वरून सुबक दिसणारं वेल्डिंग आत पोकळ राहिलं तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे वर चढवून करायचे जोड शक्यतो बोल्टचेच घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

मात्र बोल्ट कोणताही चालत नाही. डोक्यावर ८.८ चा छाप (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बघून घ्या; ४.६ च्या बोल्टची ताकद त्याच्या निम्मी असते. २० मिमी बोल्टला भोक २२ मिमीचं आणि दोन बोल्टांच्या मध्यांत किमान ५० मिमी अंतर, हा आयएस ८००:२००७ चा, म्हणजे पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाचा नियम. भोक जुळत नाही म्हणून कोणी गॅस कटरने वाढवायला लागलं, तर काम तिथेच थांबवा. ढिलं होण्याची भीती खोटी नाही. गिरणी, हॉइस्ट (माल वर उचलायचं यंत्र) अशांची थरथर असेल तिथे ठरलेल्या ताणाने आवळायचे हाय-टेन्साइल बोल्ट लागतात, ते आधीच सांगा.

लांब शेडमध्ये आपल्याकडचा उन्हाळाही मोजावा लागतो. तापमान ३० अंशांनी वाढलं की २० मीटरचा गर्डर साधारण ७ मिमी लांबतो. एका टोकाला लांबट भोकं ठेवली तर बोल्टच्या जोडात तो सरकू शकतो.

आणखी एक कळकळीची विनंती. ड्रॉइंगमध्ये फक्त वेबला (गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीला) बोल्ट दाखवले असतील, तर "अजून मजबूत" म्हणून वरून वेल्ड मारून घेऊ नका. तो जोड टोकाला थोडा वळेल असं धरूनच हिशेब केलेला असतो. तो जखडला की वाकवणारा जोर कॉलमवर जातो, आणि कॉलम त्यासाठी बनवलेला नसतो. बदल हवाच असेल तर आधी इंजिनिअरची सही घ्या.

जुन्या इमारतीत भोक पाडायला जागाच नसेल तर साइटवर वेल्डिंग करावं लागतं. तिथे रंग आणि झिंकचा (जस्ताचा) थर आधी घासून काढतो, कारण जळत्या झिंकचा धूर वेल्डरच्या छातीत जातो.

कोटेशन मागताना ड्रॉइंग, मशिनचं वजन आणि क्रेन आत येईल का, एवढं कळवा.