व्याजातून महागाई वजा केल्यावर

ठेवीवर ७ टक्के व्याज आणि महागाई ६ टक्के, म्हणजे १ टक्का तरी पदरात पडतो, असं आपण धरून चालतो. आता व्याजावरचा २० टक्के कर वजा करा. उरतात ५.६ टक्के. खात्यातला आकडा दरवर्षी वाढतो, पण त्या पैशात येणारा माल दरवर्षी थोडा कमी होतो. गुंतवणुकीचा खरा परतावा तपासायचा तो कर आणि महागाई दोन्ही वजा करून.

महागाईही चक्रवाढीनेच वाढते. ७२ ला तिच्या दराने भागलं की क्रयशक्ती निम्मी व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात: ६ टक्क्यांना १२ वर्षं. ३० वर्षांनी आजच्या १०० ची किंमत जेमतेम १७ उरते. निवृत्तीचा हिशेब आजच्या खर्चावर मांडणारे इथेच फसतात.

यावरचा एक उपाय फार जुना आहे. १७८० मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, कागदी चलनाची किंमत पार घसरली होती. तेव्हा मॅसॅच्युसेट्सने सैनिकांना असे रोखे दिले, ज्यांची मुद्दल आणि व्याज ठरावीक मालाच्या भावाला बांधलेली होती. त्यात ५ बुशेल मका होता, गोमांस आणि लोकर होती, तळव्यांचं १६ पौंड चामडं होतं. भाव चढले की देणंही तितकंच चढायचं. ब्रिटनने १९८१ मध्ये आणि अमेरिकेने १९९७ मध्ये महागाई निर्देशांकाशी जोडलेले सरकारी रोखे काढले, ते याच तत्त्वावर. मला हे साधन सर्वांत सरळ वाटतं, पण त्यातही एक खोच आहे. २०२२ मध्ये महागाई भडकलेली असूनही अशा दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे बाजारभाव कोसळले, कारण बाजारातले व्याजदर जोरात चढले. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्याला ठरलेला खरा परतावा मिळतो; मध्येच विकणाऱ्याला मिळेलच असं नाही.

सोन्याबद्दलचा विश्वास मात्र तपासून घ्यावा. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेलेलं सोनं २००१ च्या सुरुवातीला त्याच्या एक तृतीयांशाहून खाली होतं, आणि तेवढ्या काळात अमेरिकेतले मालाचे भाव दुपटीहून जास्त झाले होते. शेअर दीर्घकाळात महागाईच्या पुढे राहतात हे बऱ्याच अंशी खरं, कारण कंपन्या आपल्या मालाचे भाव वाढवू शकतात. पण १९६६ मध्ये १००० च्या आसपास असलेला अमेरिकन शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ऑगस्ट १९८२ मध्ये ८०० च्या खाली होता. म्हणून येत्या पाचेक वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नये; तेवढ्याच मुदतीचे महागाईशी जोडलेले रोखे मिळत असतील तर आधी ते पाहावेत.