५१ आणि ७४ : डिस्क ब्रेकचा कॅलिपर फ्रेमला बसत का नाही

कन्नड गावातला एक पोरगा परवा टेम्पोत सायकल टाकून घेऊन आला. मागचं चाक सुटं केलेलं आणि हातात ऑनलाइन मागवलेला हायड्रॉलिक कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला तेलाच्या दाबाने दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेकचा भाग. "मामा, तेवढे दोन बोल्ट मारून द्या की." जुना वायरवर चालणारा कॅलिपर, आणि तो ज्या पट्टीवर बसला होता ती पट्टीसुद्धा, त्याने आधीच भंगारात देऊन टाकली होती. व्हर्निअर लावला. फ्रेमच्या कानांमधल्या, म्हणजे ब्रेक बसवायला वेल्ड केलेल्या सपाट तुकड्यांमधल्या, दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५१ मिलिमीटर, कॅलिपरच्या भोकांचं ७४. शिवाय कानातला बोल्ट चाकाला आडवा जातो आणि कॅलिपरचा डिस्कला समांतर. नुसतं अंतर चुकलं असतं तर कानस घेऊन भोक लांबवायचा मोह झाला असता. इथे दिशाच वेगळी होती.

पोराला वाटलं, विकणाऱ्याने चुकीचा माल पाठवला. माल बरोबर होता, फ्रेमही बरोबर होती. दोघांचं जमत नाही त्याचं कारण तो जन्मायच्या आधीचं आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायचे. पायडल उलटं मारलं की लागतो तसला ब्रेक, मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात. एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि खाली पोचलं की हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. त्या वाटेचं नावच 'रिपॅक' पडलं. म्हणजे या डोंगरी सायकलींचं, माउंटन बाइकचं, दुखणं पहिल्या दिवसापासून ब्रेकचंच. पुढे रिमवर दाबणारे कँटिलिव्हर आले, १९९६ मध्ये शिमानोचा व्ही-ब्रेक आला आणि बऱ्याच जणांना वाटलं, संपला विषय.

आपल्याकडे तो संपत नाही, हे पावसाळ्यात कन्नडजवळच्या औट्रम घाटाच्या पायथ्याच्या शेतरस्त्यावर अर्धा तास सायकल चालवली की कळतं. काळी माती टायरला धरते, व्ही-ब्रेकच्या दोन हातांत अडकते, आणि चाक चिमट्यातच बसतं. माती काढली तरी ओल्या रिमवर गुटके घसरतात. डिस्क हबजवळ असते, चिखल आणि पाण्यापासून बरीच दूर. रिम वाकडी झाली तरी तिला फरक पडत नाही.

डिस्क ब्रेक ही कल्पना मोटारींची. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने ती पुढच्या चाकावर रस्त्यावरच्या मोटारसायकलला दिली. सायकलवर १९९० च्या दशकात प्रत्येक कंपनीने ती आपापल्या पद्धतीने उतरवली. अमेरिकेत माउंटन सायकल, इंग्लंडात होप, जर्मनीत माग्युरा, नंतर अमेरिकेतलीच हेज. प्रत्येकाची भोकं वेगळी. फ्रेम बनवणारा एक, फोर्क, म्हणजे पुढचा चिमटा, बनवणारा दुसरा, ब्रेक तिसऱ्याचा. एका कंपनीच्या ब्रेकसाठी ठेवलेले कान दुसरीच्या कामाचे नाहीत.

या गोंधळातून एक तह झाला तो आयएस, म्हणजे इंटरनॅशनल स्टँडर्ड. ५१ मिलिमीटर अंतर, बोल्ट आडवे, आणि फ्रेमच्या भोकांना आटे नाहीत. फ्रेमवाल्यांना हे सोयीचं: सपाट कान वेल्ड करा, दोन भोकं पाडा, झालं. आटे कॅलिपरच्या किंवा पट्टीच्या बाजूला, म्हणजे खराब झाले तर स्वस्तातला भाग बदलायचा. अडचण मेकॅनिकची. कॅलिपर थेट कानावर बसवला तर तो डिस्कच्या मध्यावर आणायला कागदासारख्या पातळ चकत्या एकेक करून घालायच्या. एक चकती जास्त झाली तर एक पॅड घासतो, कमी पडली तर दुसरा घासतो. दुपार जाते.

मॅनिटू या कंपनीच्या फोर्कवर आणि हेजच्या ब्रेकवर दुसरी पद्धत रुजली: पोस्ट माउंट. ७४ मिलिमीटर, बोल्ट डिस्कला समांतर, कॅलिपरची भोकं लांबट. बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा, बोल्ट आवळा. कॅलिपर स्वतःच मध्यावर येतो. दोन मिनिटांचं काम. पण आटे आता फोर्कमध्ये किंवा फ्रेममध्ये, आणि अ‍ॅल्युमिनियममधला एम ६ चा आटा गेला की मोठ्या खर्चाचं काम. मला विचाराल तर रोजच्या वापराला पोस्ट माउंटच बरा, पण टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना, नसलेल्या गावात तो जपूनच आवळावा. सहा ते आठ न्यूटन-मीटर पुरतात, लांब दांड्याची अ‍ॅलन की नको.

मध्येच हेजचा २२ मिलिमीटरचा एक प्रकार काही फ्रेमच्या मागच्या बाजूला आला आणि लवकरच गेला. तसली फ्रेम हाती लागली तर देव आठवतो.

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका लेथवाल्याला मी एकदा हे सगळं सांगत होतो, तर तो हसला. "त्यात काय, ब्रॅकेट करायचं." त्याचं बरोबर होतं, त्याच्या जगात. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास उभी राहिलेली एन्ड्युरन्स कंपनी आज इथे दुचाकीचे ब्रेक आणि सस्पेन्शन बनवते. छत्रपती संभाजीनगरात कॅलिपर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण मोटारसायकलचा कॅलिपर त्याच मोटारसायकलसाठी आखलेला असतो. तो दुसऱ्या गाडीला बसावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. सायकल मात्र पाच कंपन्यांचे भाग जुळवून उभी राहते, म्हणून तिथे भोकांचं अंतर हा करार आहे.

ब्रॅकेट मिलिंगवर बनवता येतं, मापं बरोबर असतील तर. फ्रेमवर वेल्डिंग मात्र नको. रिमचा ब्रेक चाकाच्या कडेला, मध्यापासून सुमारे २८० मिलिमीटरवर दाबतो. १६० मिलिमीटर व्यासाची डिस्क सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरवर. तेवढंच चाक थांबवायला जोर जवळजवळ चौपट लागतो आणि तो सगळा त्या दोन कानांवर येतो. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला ताकद उष्णता-प्रक्रियेने आलेली असते, वेल्डिंगच्या आचेने त्या जागी ती जाते. बाहेरून जोड छान दिसतो. तडा घाटात जातो.

कन्नडच्या पोराला लागत होता साधा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे कान आणि कॅलिपर यांच्या मधे बसणारी पट्टी: एका अंगाला ५१ ची आडवी भोकं, दुसऱ्या अंगाला ७४ चे आटे. तो एका दुकानात जाऊनही आला होता. तिथे एक पीस होता, त्यावर 'फ्रंट १८०' कोरलेलं, म्हणून त्यांनी दिला नाही. याची डिस्क मागची आणि १६० ची. तसाच एक माझ्या खणात होता.

आयएसचे पुढचे कान १६० च्या डिस्कच्या हिशोबाने असतात, मागचे १४० च्या. डिस्क २० मिलिमीटरने वाढली की कॅलिपर १० ने बाहेर सरकतो. म्हणजे पुढे १६० चं १८० करणारा तुकडा आणि मागे १४० चं १६० करणारा तुकडा, दोन्ही एकच. खणातला काढून लावला, दोन आडवे बोल्ट मारले, वर कॅलिपर ठेवला. पोरगा ती कोरलेली अक्षरं वाचत राहिला. "मामा, यावर फ्रंट लिहिलंय."

"लिहू दे," म्हटलं. "ब्रेक दाबून धर, मी बोल्ट आवळतो."