क्वार्टरबॅकचा अहवाल मागवताय? क्लिप नको, सामने सांगा

फेब्रुवारी उजाडला की आमचे सगळे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "काका, लिंक पाठवलीय, आठच मिनिटांची आहे. जरा बघून सांगा ना, हा पोरगा एनएफएलमध्ये चालेल का?" पोरगा म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा; एनएफएल ही त्या खेळाची व्यावसायिक लीग. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल संघांनी करायची कॉलेजच्या खेळाडूंची निवड, होईपर्यंत हेच चालू असतं. लिंक उघडली की आत धडाधड संगीत, लांब पास, टचडाउन (चेंडू गोलरेषेपार), पुन्हा लांब पास. हे माहितीपत्रक त्या आठ मिनिटांसाठीच छापलं आहे.

जुन्या ग्राहकांना आमचं काम माहीत आहे. डायनॅस्टी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी आम्ही कॉलेजच्या क्वार्टरबॅकचे अहवाल तयार करतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घराचं बेसमेंट, दोन स्क्रीन, मी आणि माझा भाचा, एवढाच पसारा. डायनॅस्टीत एकदा उचललेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्या गळ्यात असतो, म्हणून प्रश्न विचारता ते बरोबरच आहे. फक्त सोबत जे पाठवता, त्यातून उत्तर निघत नाही.

हायलाइटमध्ये प्रत्येक चेंडू झेलला जातो. स्टुडिओतला फोटो बघून स्थळ पक्कं करावं तसं ते आहे. फोटो खोटा नसतो, पण घरात भांडण झाल्यावर माणूस कसा वागतो ते फोटोत दिसत नाही. आम्हाला नेमकं तेच बघायचं असतं आणि क्लिप करणाऱ्याने नेमकं तेच कापलेलं असतं. मग आम्ही विचारतो, हा सामना कुठला? तुम्ही म्हणता, माहीत नाही, व्हॉट्सॲपवर आला. मग शोधाशोध, उलटसुलट मेसेज, आणि चार दिवसांच्या कामाला दोन आठवडे लागतात. तोवर तुमच्या लीगचा रुकी ड्राफ्ट (नवोदितांची निवड) होऊनही गेलेला असतो.

काही जण क्लिपऐवजी आकडे पाठवतात. ते त्यातल्या त्यात बरं, पण एक उदाहरण बघा. टेक्सास टेकच्या बी. जे. सायमन्सने २००३ च्या हंगामात ५,८३३ यार्ड पास केले, म्हणजे फेकींतून संघ तेवढा पुढे नेला. त्याच कॉलेजातून पॅट्रिक महोम्सने २०१६ मध्ये ५,०५२ केले. सायमन्स सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवडला गेला आणि एनएफएलच्या हंगामातला एकही सामना खेळला नाही. महोम्स पुढे एनएफएलचा विजेता क्वार्टरबॅक झाला, ते सांगायला नको. कॉलेज तेच, धाटणी तीच, आणि आकडा उलट सायमन्सचा मोठा. मुंबईच्या मैदानांवर ढिगाने धावा करून कसोटीत न दिसलेले फलंदाज आपण कमी पाहिलेत का?

कॉलेजच्या आकड्यांत आणखी एक मेख आहे. सॅकमध्ये, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्यावर, गेलेले यार्ड तिथे धावण्याच्या हिशोबातून वजा होतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. म्हणजे कॉलेजचा क्वार्टरबॅक दर सामन्यात पाच वेळा आडवा झाला तरी त्याचा पासिंगचा रकाना स्वच्छच दिसतो. शिवाय स्क्रीन पास. चेंडू हातभर अंतरावर दिला आणि रिसीव्हर, म्हणजे तो झेलणारा, सत्तर यार्ड पळाला, तर ते सत्तरही क्वार्टरबॅकच्याच खात्यात. आम्ही अहवालात हे यार्ड वेगळे काढतो. काही नावांचा हंगाम त्यानंतर निम्मा उरतो, आणि ग्राहक आमच्यावर रागावतात.

मग आम्ही बघतो तरी काय? समजा थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, नऊ यार्ड हवेत. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येऊन डाव सुरू होण्याच्या, आधी मागे दोन सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) दिसतात. स्नॅप होताच त्यातला एक खाली धावत येतो. इथे भाचा चित्र थांबवतो. क्वार्टरबॅकला हा बदल दिसला का? त्याची मान वळली का? मागचा पाय टेकला की चेंडू सुटायला हवा, आणि तेव्हा रिसीव्हरची पाठ अजून आपल्याकडेच असायला हवी. रिसीव्हर वळून मोकळा दिसल्यावर फेकणारे कॉलेजात खपून जातात. एनएफएलमध्ये तेवढ्या वेळात कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा, मध्ये येतो. असा एक डाव आम्ही सहा-सात वेळा मागेपुढे करतो. निकाल काय लागला ते शेवटी बघतो. चेंडू रिसीव्हरच्या हातातून निसटला तरी क्वार्टरबॅकला आमच्याकडे पूर्ण गुण मिळतात.

यानंतर प्रेशर. लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरची संरक्षक भिंत, फुटली की डोळे पुढेच राहतात की अंगावर येणाऱ्याकडे वळतात? पॉकेटमध्येच, म्हणजे त्या भिंतीमागच्या जागेतच, अर्धं पाऊल सरकतो की पाठ फिरवून पळतो? प्रेशर आलं की सॅक होऊन बसणारा मुलगा वरच्या पातळीवर गेला तरी सहसा तसाच राहतो, असा आमचा अनुभव आहे. हे कुठल्याच हायलाइटमध्ये नसतं.

टीव्हीच्या चित्रात मागचे सेफ्टी बऱ्याचदा चौकटीबाहेर असतात, ही अडचण आहेच. म्हणून बिग टेन या कॉलेजांच्या गटातला चांगला क्वार्टरबॅक आमच्या जवळच्या रटगर्स विद्यापीठाविरुद्ध खेळायला आला की आम्ही दोघं त्यांच्या पिस्कॅटवेच्या मैदानावर जातो आणि गोलरेषेच्या मागच्या बाजूची वरची तिकिटं काढतो. तिथून क्वार्टरबॅकला दिसतं तसं मैदान दिसतं. नोव्हेंबरमध्ये थर्मासमधला चहाही गारठतो, पण अहवालातलं सगळ्यात उपयोगी पान तिथेच लिहिलं जातं.

ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड याची गोष्ट आमच्या ग्राहकांना पाठ झाली आहे, तरी सांगतो. २०२३ च्या ड्राफ्टआधी त्याला बुद्धीच्या चाचणीत कमी गुण मिळाल्याची बातमी फुटली आणि फोनवर फोन सुरू झाले. त्याआधीचा आक्षेप असा होता की तो पॉकेटबाहेर काही करत नाही. आम्ही सगळ्यांना एकच सांगितलं: ३१ डिसेंबर २०२२ चा जॉर्जियाविरुद्धचा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. ओहायो स्टेट ४२-४१ असं हरलं. पण त्या काळातल्या सर्वांत कडक बचावासमोर स्ट्राउडने ३४८ यार्ड आणि चार टचडाउन पास केले, आणि गरज पडली तेव्हा पायांनीही वेळ काढला. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात ४,१०८ यार्ड, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) फक्त पाच, आणि आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा किताब. हरलेला सामना मागा म्हणतो तो यासाठीच.

आता आमची चूक. २०१८ मध्ये जॉश ॲलनला आम्ही नापास केलं होतं. वायोमिंगच्या कॉलेजात त्याचे १०० पैकी ५६ च पास पूर्ण होत होते, आणि नेमकेपणा शिकवता येत नाही असं मी ठामपणे लिहिलं होतं. २०२० मध्ये त्याने बफेलोकडून ६९ टक्क्यांच्या वर पास पूर्ण केले. माझ्या भरवशावर त्याला सोडणारे एक ग्राहक अजूनही दर दिवाळीला फराळाच्या डब्यासोबत त्याची आठवण करून देतात. त्यानंतर अहवालात एक रकाना वाढवला: हा दोष पायांचा आहे, डोळ्यांचा की हाताचा? ॲलनचे चुकलेले पास परत बघितले तेव्हा घोटाळा बराचसा पायांत होता. पाय सुधारता येतात. उशिरा बघणारे डोळे सुधारलेले मी फार कमी पाहिले.

अंदाज चुकला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. एका गृहस्थांनी दोन हंगामांनंतर मागितले होते. आम्ही अहवाल विकतो, हमी नाही. हमी कुणीच देऊ शकत नाही. लाखो डॉलर खर्चून माणसं नेमणाऱ्या संघांनी २००० साली पुढे नावाजलेल्या टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबवलं आणि २०२२ मध्ये ब्रॉक पर्डीला २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या. तरी एक सांगतो, पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार हंगाम खेळला होता. बघायला सामने भरपूर होते, बघणारे कमी पडले.

नेहमीचे बाकीचे प्रश्न थोडक्यात. उंची नि पंजाची रुंदी आम्ही नोंदवतो, पण त्यावर निकाल देत नाही. पुढे चमकलेल्या जो बरोचा पंजा नऊ इंचांचा निघाला तेव्हा किती गहजब झाला होता! हाताची ताकद बघायची असेल तर अंतर बघू नका. कॉलेजच्या मैदानावरच्या हॅश खुणा, ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून डाव सुरू होतो, एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात एका हॅशवरून पलीकडच्या कडेला सपाट फेकलेला पास शोधा, तो हवेत तरंगत असेल तर काळजी करा. आणि वीसपेक्षा कमी सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेल्यांच्या अहवालावर आम्ही तसा शिक्का मारतो. मिचेल ट्रुबिस्की तेरा सामन्यांच्या जोरावर २०१७ मध्ये दुसरा निवडला गेला, महोम्सच्या आठ जागा आधी.

अहवाल मागवताना चारच ओळी लिहा. खेळाडूचं नाव आणि कोणत्या वर्षाचा खेळ बघायचा ते, कारण हल्ली मुलं दोन-तीन कॉलेजं बदलतात. त्या वर्षातला सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचा सामना. एक हरलेला. एक परक्या मैदानावरचा. सामने निवडता येत नसतील तर तसं लिहा, आम्ही निवडतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एका नावाचे ४० डॉलर, तीन नावं एकत्र दिलीत तर १००. चार दिवसांत अहवाल मिळेल. ड्राफ्ट झाल्यावर संघ, प्रशिक्षक आणि पुढे कोण उभा आहे याचं एक जादा पान त्याच पैशांत येतं. ते पान जरूर वाचा. महोम्सलाही पहिलं वर्ष जवळपास सगळं अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून काढायला मिळालं होतं.

ड्राफ्टच्या आठवड्यात फोन उचलला जाणार नाही, मेसेज ठेवा. आठ मिनिटांची लिंक आलीच तर भाचा ती जेवताना बघतो, दाद देतो आणि उत्तरादाखल हेच माहितीपत्रक पाठवतो.