आज्जीची लेन्स वेगळी, पोरीची लेन्स वेगळी

मागच्या महिन्यात आमच्या निपाणीच्या घरी लेन्सवरून चांगलंच वाजलं. भाची बेळगावला कॉलेजला आहे, टिळकवाडीत पीजीत राहते, सुट्टीला आली आणि रात्री मोबाईल बघत बघत लेन्स न काढताच झोपली. सकाळी डोळा लालभडक, उजेड सहन होईना, पाणी गळतंय नुसतं. मी बोलायला गेले तर मलाच म्हणते, "मावशी, आज्जीची लेन्स दीड वर्ष झालं आतच आहे की, ती काय रोज काढून ठेवते? मग माझी एक रात्र राहिली तर काय बिघडतंय?" आणि आई पलीकडनं, "होय की, मला पण डॉक्टरांनी काढायला सांगितलं न्हवतं."

आता दोघींच्या डोळ्यात जे आहे त्याला चष्म्याच्या दुकानात, दवाखान्यात, गल्लीत सगळीकडं नुसतं 'लेन्स'च म्हणतात, त्यामुळं हा घोळ होतो. आईची लेन्स मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेली. जन्मजात भिंग गढूळ झालं तोच मोतीबिंदू, ते काढून टाकून त्याच जागी, बाहुलीच्या मागं, भिंगाच्याच रिकाम्या पिशवीत ही ठेवतात. मधला भाग साधारण ६ मिलिमीटरचा, घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातनं आत सरकवतात आणि आत गेल्यावर ती उलगडते. पोरीची लेन्स म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, ती डोळ्याच्या आत नाहीच मुळी, पुढच्या पारदर्शक काचेवर म्हणजे कॉर्नियावर अश्रूंच्या पातळ थरात तरंगत असते. (ती मागं सरकून मेंदूत जाईल असं शेजारच्या काकूंचं म्हणणं, पण पापणीच्या आतलं कातडं डोळ्यावर वळून चिकटलेलं असतं, मागं वाटच नाही.)

रात्रीची गोष्ट सगळी ह्या जागेवर आहे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, नाहीतर आरपार दिसलंच नसतं, म्हणून तो प्राणवायू बराचसा थेट हवेतनं घेतो. डोळे मिटले की तो आधीच कमी होतो, त्यात वर प्लास्टिकचं झाकण ठेवलं की कॉर्निया गुदमरतो, सुजतो, वरच्या थराला बारीक इजा होते आणि जंतूंना आयती वाट मिळते. जखम पिकली तर पांढरा डाग पडून नजर कायमची जाऊ शकते. झोपताना घालायला चालणाऱ्या लेन्स पण मिळतात म्हणे पोरं, मिळतात, पण धोका त्यात पण वाढतोच. आईची लेन्स कॉर्नियाच्या वाटेत येतच नाही, तिला दिवस काय नि रात्र काय, जन्मभर तिथंच राहायची.

नंबरावरनं तर हसून पुरेवाट झाली. भाचीनं आईच्या ऑपरेशनच्या कार्डावरचं स्टिकर वाचलं, +२१.५०, आणि ओरडलीच, "आज्जीला साडेएकवीस नंबर?" अगं, तो चष्म्याचा नंबर नव्हे! काढलेल्या भिंगाची ताकद भरून काढायला साधारण तेवढंच भिंग लागतं, डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा गोलावा मोजून तो हिशेब करतात. पोरीचा नंबर चष्म्याच्या जवळपास असतो, पण अगदी तोच नाही, कारण चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब बसतो आणि लेन्स डोळ्याला टेकलेली. चारच्या पुढं हा फरक जाणवतो, चष्मा -६ असेल तर लेन्स -५.५० च्या आसपास येते. म्हणून चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स मागवू नये, माप वेगळं घ्यावं लागतं, लग्नात घालायच्या बिननंबरी रंगीत लेन्सचं पण. आणि त्या बहिणीबहिणीत फिरवायच्या तर अजिबात नाहीत.

दोन्हींचा जन्म पण वेगळा. लंडनच्या हॅरोल्ड रिडली डॉक्टरांनी युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे बघितले, डोळा ते निमूट सहन करतोय हे लक्षात आलं, आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स आत बसवली. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी १९६१ मध्ये घरी, मुलाच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जोडून केली. ते प्लास्टिक पाणी पिऊन मऊ होतं, आणि गोम तिथंच आहे, कारण नळाचं पाणी लागलं तर त्यातले जंतू पण लेन्सला चिकटतात. अकँथअमिबा नावाचा एक जीव आहे, नळाच्या नि विहिरीच्या पाण्यात असतो, डोळ्यात शिरला तर महिनोन् महिने औषधं घालत बसावं लागतं. आमची बया लेन्स धुवायचं सोल्यूशन संपलं की डबीत फिल्टरचं पाणी घालायची! कालच्या सोल्यूशनमध्येच नवीन ओतायचं हे तर सगळेच करतात, ते पण चुकीचंच, जुनं टाकून डबी वाळवायची. आईला पाण्याची भीती ऑपरेशननंतरच्या दिवसांतच होती, टाके नसले तरी छेद भरून यायला वेळ लागतोच. मग खुशाल डोक्यावरनं अंघोळ.

खकाण्याचं, म्हणजे तंबाखूच्या धुळीचं, पण तसंच. आई तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर चाळणीवर होती, ऑपरेशननंतर काही आठवडे तिकडं जाऊ नको सांगितलेलं, आता जाते. भाचीनं मात्र वखारीच्या गल्लीतनं येऊन तशाच हातानं लेन्सला हात लावला तर डोळ्यात मिरची घातल्यासारखंच होणार.

ह्या सगळ्यात आईला परत धूसर दिसायला लागलं, दिव्याभोवती धुकं. आईचं आपलं एकच, "लेन्सवर मळ बसलाय गं, पोरीच्या त्या बाटलीतले दोन थेंब टाक की." मी बाटली उचलून कपाटातच ठेवली. ते सोल्यूशन लेन्स धुवायचं आहे, डोळ्यात सोडायचं नव्हे, त्यातलं पेरॉक्साईडवालं असेल तर डोळा भाजतो. आतल्या लेन्सवर मळ बसत नाही, मोतीबिंदू पण परत येत नाही, ज्या पिशवीत लेन्स ठेवली तिची मागची भिंत गढूळ होते. लोक त्याला पडदा म्हणतात, डॉक्टर पडदा म्हणतात ते रेटिनाला, तो आणखी एक घोळ. याग लेझरनं त्या भिंतीला मधोमध छोटं भोक पाडतात, सुई नाही, कापाकापी नाही.

दोघी एकाच दिवशी दवाखान्यात गेल्या. भाचीला अँटिबायोटिक ड्रॉप्स आणि दोन आठवडे लेन्स बंद, त्यामुळं जुना जाड काडीचा चष्मा घालून तोंड फुगवून बसली. आई पाच-दहा मिनिटांत बाहेर आली आणि पहिला प्रश्न तोच, "आतल्या आत धुतली म्हणायची का?"